पन्नासपैकी किती?

शंकेखोर : पुण्यात डूलालीनं मायक्रोब्रुअरी सुरू केली २००९मध्ये. तेव्हा ‘बाटलीतली नाही, इथंच बनलेली, ताजी’ एवढं कौतुक पुरेसं होतं. आता पुणे, मुंबई, गोवा, बंगळुरू, कुठंही जा, टॅपच्या मागे चकचकीत टाक्या दिसतात आणि टॅपच्या पुढे तुझ्यासारखी माणसं. चार छोटे ग्लास ओळीनं मांडायचे, वास घ्यायचा, घोट तोंडात फिरवायचा आणि कागदावर आकडा लिहायचा. ३४. ३७. ४१. माझं भांडण बिअरशी नाही, लक्ष देऊन पिण्याशी तर मुळीच नाही. ते आकड्याशी आहे. मैफल संपल्यावर कुणी ‘आजचा यमन पन्नासपैकी ४१ झाला’ असं म्हणालं, तर त्याला गाणं कळलं असं आपण मानू का? आकडा लिहिला की ज्यांची तुलनाच होऊ नये अशा चवी एका रांगेत उभ्या राहतात. आणि मला त्याहून जास्त खुपतं ते हे, की पिणाऱ्याचं स्वतःच्या जिभेवरचं लक्ष उडतं. ३७ वाचून ग्लास हातात घेणारा माणूस चव घेत नाही, ३७ शोधत बसतो.

रसिक : ३७ शोधत बसणारा माणूस मलाही नको आहे. पण तो आकडा येतो कुठून, ते आधी बघ. अनेक स्पर्धांमध्ये जो तक्ता वापरतात तो बीजेसीपी या संस्थेचा. बिअरचे परीक्षक तयार करणारी ही संस्था अमेरिकेत १९८५मध्ये सुरू झाली. पन्नास गुणांची वाटणी अशी : वासाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडात ती जड वाटते की हलकी, कोरडी की चुरचुरीत, त्याला ५ आणि एकूण परिणामाला १०. रूपाला फक्त ३ ठेवलेत, हे मला फार शहाणपणाचं वाटतं, कारण सुंदर फेसाखाली वाईट बिअर लपू शकते. प्रत्येक रकान्यासमोर मोकळ्या ओळी असतात आणि परीक्षकानं त्या भरायच्या असतात. खरं काम त्या ओळींमध्ये होतं. बिअरला लोण्यासारखा, पॉपकॉर्नसारखा वास येत असेल, तर तो डायसेटिलचा. यीस्टला आपलं काम पुरं करू न देता टाकी घाईनं थंड केली की तो मागे राहतो, किंवा टॅपची नळी वेळच्या वेळी धुतली नाही की तिथल्या जिवाणूंमुळे येतो. उकडलेल्या मक्याच्या कणसासारखा वास आला, तर उकळी कमी पडली असण्याचा संभव. ओल्या पुठ्ठ्याचा वास म्हणजे बिअरला हवा लागली किंवा ती शिळी झाली. मॉर्टन माइलगार्ड या डॅनिश शास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात असे वास आणि चवी एका चक्रात बसवल्या, १४ गटांत ४४ नावं. तोवर एका कारखान्यातला माणूस ‘कुबट’ म्हणायचा ते दुसऱ्या कारखान्यातल्या माणसाला कळेलच असं नव्हतं. आपल्याकडचं गिऱ्हाईक तक्रार करत नाही, ते फक्त पुन्हा येत नाही. मग ब्रुअरला कळणार कसं, की चूक टाकीत होती, नळीत होती, की काही चूक नव्हतीच?

शंकेखोर : दोष सांग की. दोष सांगायला आकडा लागत नाही. आणि दोष म्हणजे तरी काय, हे तुझ्याच तक्त्यावरून विचारतो. जर्मन गव्हाच्या बिअरला, हेफेवायझेनला, पिकल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. त्यात ना केळं घातलेलं असतं ना लवंग. दोन्ही यीस्टची करणी. तिथं त्या वासाला तू भरभरून गुण देतेस. तोच केळ्याचा वास पिल्सनरला आला तर कापतेस. लोण्याचा हलका वास चेक लागरमध्ये चालवून घेतात, जर्मन पिल्सनरमध्ये नाही. याहून मोठं उदाहरण ब्रसेल्सच्या परिसरातल्या लँबिकचं. काँतिय्यों ही ब्रुअरी १९०० सालापासून तिथं आहे. ऑक्टोबर ते एप्रिल, थंडीच्या दिवसांतच ते बिअर करतात. उकळलेला गरम द्रव तांब्याच्या रुंद, उथळ पात्रात रात्रभर उघडा ठेवतात आणि छपराच्या फटींतून येणाऱ्या हवेतले, इमारतीतले सूक्ष्मजीव त्यात पडतील ते पडू देतात. यीस्ट वेगळं घालायचंच नाही. मग लाकडी पिंपांत एक वर्ष, दोन वर्षं, तीन वर्षं. या वेगवेगळ्या वयाच्या लँबिक एकत्र करून गोझ तयार होते. ती आंबट असते, कोरडी असते आणि तिला तबेल्यातल्या घोंगडीसारखा वास येतो. त्या वासावर जाणकार जीव टाकतात. पुण्यातल्या एखाद्या ब्रुअरच्या लागरला तोच वास आला, तर तू सांगशील, टाकी ओत आणि सगळं धुऊन काढ. म्हणजे दोष रेणूत नाही, पुस्तकात आहे. अमुक प्रकारच्या बिअरनं असं वागावं, असं पुस्तकात लिहिलंय आणि ती तसं वागली की नाही हे तू तपासतेस. तू बिअरला गुण देत नाहीस, तिच्या आज्ञाधारकपणाला देतेस.

रसिक : ब्रुअरनं स्वतःच सांगितलेलं असतं, की मी हेफेवायझेन केलीय. त्यानं जे करायचं ठरवलं ते जमलं का, हे विचारणं म्हणजे आज्ञा लादणं नव्हे. आणि ज्या पुस्तकावर तू चिडतोस त्यानंच लँबिक वाचवली. प्रकार नावाची गोष्ट नसती, तर गोझ कुठल्याही टेबलावर ‘नासलेली’ म्हणून बाद झाली असती. मायकल जॅक्सन नावाचा इंग्रज लेखक होता, गायकाचा नामबंधू. त्याचं ‘द वर्ल्ड गाइड टु बिअर’ १९७७मध्ये आलं. मोठ्या कंपन्यांची एकसारखी फिकट लागर जगभर पसरत चालली होती, आणि हा माणूस देशोदेशी जाऊन लिहीत होता, की इथं ही वेगळी चीज आहे, हिची रीत अशी, हिला असं प्यावं. नाव मिळालं म्हणून छोट्या ब्रुअरला ‘माझी बिअर खराब नाही, वेगळी आहे’ असं म्हणता आलं. आपल्या जवळचंच उदाहरण घे. पुण्या-मुंबईत नव्या माणसाच्या हाती बहुतेक वेळा पहिल्यांदा कुठली क्राफ्ट बिअर येते? बेल्जियन विट. गव्हाची, गढूळ, धने आणि संत्र्याची साल घातलेली. आपल्या जिभेला धने परके नाहीत, म्हणूनही ती इथं रुजली असावी. २०१५मध्ये बीरा ९१ बाजारात आली ती सुरुवातीला बेल्जियममध्येच बनून यायची, आणि तिचं नाव झालं ते व्हाइटमुळे, म्हणजे याच प्रकारामुळे. हा प्रकार एकेकाळी मेला होता. हूखार्डन गावातली तो करणारी शेवटची ब्रुअरी १९५७मध्ये बंद पडली. त्या ब्रुअरीच्या शेजारी वाढलेल्या, पोरवयात तिथं हातभार लावलेल्या पिएर सेलिस नावाच्या दूधवाल्यानं १९६६च्या सुमारास तो पुन्हा उभा केला. नावानिशी, रीतीनिशी.

शंकेखोर : सेलिसची गोष्ट तू सांगितलीस ते बरं झालं, कारण ती माझ्या बाजूनं बोलते. १९५७मध्ये ती ब्रुअरी का बंद पडली? लोकांनी पाठ फिरवली म्हणून. त्या साली त्या भागातल्या बिअरींची गुणवार यादी केली असती, तर पांढरी बिअर तळाला गेली असती, आणि त्या साली ती यादी खरीही ठरली असती. सेलिसनं यादी पाहिली नाही. त्याला एक चव आठवत होती आणि ती परत हवी होती. पुढे १९८५मध्ये त्याच्या ब्रुअरीला आग लागली, पुन्हा उभारणीसाठी मोठ्या कंपनीचा पैसा आला, हळूहळू ताबाही त्यांचाच झाला आणि सेलिस टेक्सासला जाऊन पुन्हा नव्यानं बिअर करू लागला. बाजाराचा कौल आधी त्या बिअरला मारत होता, नंतर गिळत होता. आता तुझ्या यादीच्या शेंड्याकडे बघू. बेल्जियममधल्या वेस्टव्लेटेरनच्या मठातले साधू बिअर करतात, मठ चालावा आणि दानधर्म करता यावा एवढीच. रेटबिअर या संकेतस्थळावर जगभरच्या लोकांनी २००५मध्ये त्यांच्या बारा नंबरच्या बिअरला सर्वांत श्रेष्ठ ठरवलं. मठाच्या दारात गाड्यांच्या रांगा लागल्या, साठा संपला. साधूंनी उत्पादन मागणीच्या मागे धावत वाढवलं नाही, ते आपल्या नेमानं चालत राहिले. आणि जवळच्या वाटू गावात सेंट बर्नार्डस नावाची ब्रुअरी आहे. १९४६ ते १९९२ या काळात याच मठाच्या परवान्यानं तिथं मठाची बिअर होत होती. तिची बारा नंबरची बिअर त्याच घराण्यातली, दुकानात सहज मिळणारी. तिला गुण नेहमी थोडे खाली. हा जो फरक आहे तो चवीचा किती आणि मिळण्यातल्या कष्टांचा किती? ज्या रेटबिअरनं हे आकडे जमवले त्यात जगातल्या सर्वांत मोठ्या बिअर कंपनीचा पैसा असल्याचं २०१७मध्ये कळलं, २०१९मध्ये त्याची मालकी पुरतीच त्या कंपनीकडे गेली आणि २०२५च्या सुरुवातीला ते बंदही झालं. इतक्या वर्षांचे इतक्या माणसांचे आकडे. सांग, त्यातून बिअरबद्दल आपल्याला काय कळलं?

रसिक : गर्दीच्या आकड्यांबद्दल मी तुझ्याशी वाद घालणार नाही. दुर्मिळतेला गुण मिळतात, किमतीला मिळतात, आपण इतक्या लांब आलो याला मिळतात. म्हणूनच तर झाकून चाखायचं. नाव नाही, बाटली नाही, किंमत नाही, फक्त ग्लास आणि त्यावरचा क्रमांक. वेस्टव्लेटेरन आणि सेंट बर्नार्डस अशा झाकून समोर ठेवल्या की छातीठोकपणे बोलणारे चाचरू लागतात. झाकून चाखताना परीक्षकाला स्वतःची हौस, ओळख, आदर, सगळं टेबलाबाहेर ठेवावं लागतं. छोट्या ब्रुअरला यापेक्षा न्यायाची दुसरी जागा नाही. जाहिरातीला पैसे नसलेल्या माणसाची बिअर मोठ्या नावाशेजारी ठेवली जाते आणि फक्त ग्लासातलं बोलतं, असं दुसरीकडे कुठं होतं?

शंकेखोर : न्याय होतो, मान्य. पण कशाचा? झाकलं की नाव जातं, रांग जाते, किंमत जाते आणि त्यांच्याबरोबर गावही जातं. आपण ‘प्रादेशिक’ बिअर म्हणायचं आणि पहिल्या झटक्याला तिचा प्रदेश काढून घ्यायचा. शिवाय घोट केवढा? दोन-तीन. एका बैठकीत आठ-दहा बिअर समोर येतात. अशा ठिकाणी जी मोठ्यानं बोलते ती जिंकते. दहा-बारा टक्क्यांची काळी, घट्ट, चॉकलेट-कॉफीच्या चवीची बिअर दोन घोटांत थक्क करते. साडेचार टक्क्यांची हलकी लागर दोन घोटांत काहीच सांगत नाही. ती सांगते दुसऱ्या ग्लासाला, एप्रिलच्या संध्याकाळी, समोर तिखट सुकं मटण असताना. काळी बिअर त्या संध्याकाळी अर्ध्या ग्लासात नकोशी होते. तुझ्या तक्त्यात एप्रिलला रकाना कुठं आहे? आपल्या देशात आधीच बहुतांश खप स्ट्राँग बिअरचा. कमी पैशात चढते म्हणून. त्यातून सुटायला लोक क्राफ्टकडे आले, आणि इथंही कौतुक जोराचंच होणार असेल, तर हलकी, नेमकी बिअर करायला कुणी का झटावं? तशी बिअर करणं उलट अवघड. तिच्यात चूक लपवायला जागा नसते.

रसिक : घोटाचा मुद्दा मी घेते. चांगले परीक्षक प्रकारानुसार टेबलं वेगळी करतात, हलक्या बिअर आधी आणि जड नंतर चाखतात. तरीही दोन घोटांची मर्यादा राहतेच. पण प्रदेशाबद्दल तू फार सहज बोलून गेलास. पुण्याच्या बिअरमध्ये पुणं किती आहे? माल्ट बऱ्याचदा जर्मनीहून किंवा बेल्जियमहून येतं, देशी असलं तर राजस्थान-हरियाणाकडच्या बार्लीचं. हॉप्सच्या वेलाला भरघोस पिकासाठी उन्हाळ्यातले लांबलचक दिवस लागतात. ते आपल्या अक्षांशावर नाहीत. हिमाचलात लाहौलला थोडं पीक निघतं, बाकी सगळं जर्मनी, चेक प्रजासत्ताक, अमेरिका. यीस्ट पाकिटातून. उरलं पाणी. तेही आरओमधून काढून कोरं करतात आणि मग हव्या त्या गावाचे क्षार त्यात मिसळतात. इंग्लंडमधल्या बर्टन गावाच्या पाण्यात जिप्सम भरपूर, म्हणून तिथली कडवट पेल एल इतकी स्वच्छ लागायची. मुंबई-कलकत्त्याच्या साहेबांसाठी जहाजांतून तीच यायची. आज बर्टनचं पाणी हवं असेल तर ब्रुअर जिप्समची पुडी फोडतो. जगातल्या सर्वांत नावाजलेल्या पाण्यांपैकी एकाची ही गत, तर मुळा-मुठेचं काय घेऊन बसलास? म्हणून माझा आग्रह आहे, की प्रदेश ग्लासात असेल तर झाकल्यावरही तो कळला पाहिजे. नाही कळला, तर तो फक्त पाटीवर होता.

शंकेखोर : सामानाची यादी करून प्रदेश शोधलास, म्हणून तो सापडला नाही. प्रदेश अडचणीतून तयार होतो. नायजेरियात १९८८मध्ये सरकारनं बार्ली आणि तिच्या माल्टच्या आयातीवर बंदी घातली. बार्ली तिथं फारशी पिकत नाही. गिनेससकट सगळ्या ब्रुअरींना ज्वारी आणि मक्याकडे वळावं लागलं. ते सोपं नव्हतं. बार्लीतला स्टार्च साठ-पासष्ट अंशांना फुलतो आणि तिच्याच अंगच्या विकरांनी त्याची साखर होते. ज्वारीच्या स्टार्चला फुलायला त्याहून जास्त उष्णता लागते, आणि तेवढ्या उष्णतेत ते विकर टिकत नाहीत. ज्वारीचं स्वतःचं त्या कामातलं बळ कमी. म्हणजे ज्वारी आधी वेगळी शिजवायची, मग थंड करून विकर द्यायचे. माणसं शिकली, यंत्रं बदलली, पिणाऱ्यांची जीभ वळली, आणि एका देशाची बिअर वेगळी झाली. ती बार्लीच्या गिनेसच्या शेजारी झाकून ठेव आणि गुण दे. तू काय मोजणार? ती मूळ गिनेसपासून किती लांब आहे एवढंच. एका देशानं तिच्यासाठी काय काय शिकून घेतलं, ते त्या ग्लासात असूनही तुझ्या रकान्यांतून गळून जाईल.

रसिक : पण मग हे उदाहरण मला आनंदच देतं, कारण ज्वारीचा प्रांत आपलाही आहे. कण्या शिजवणं सोलापूरच्या घराला कुणी शिकवायला नको. आणि पुस्तक तू समजतोस तितकं बंद नाही. ब्राझीलच्या सांता कातारिना राज्यातल्या ब्रुअरनी गव्हाची हलकी आंबट बिअर तिथल्या ताज्या फळांवर करायला घेतली, वर्षानुवर्षं एकमेकांच्या बॅच चाखल्या, आणि २०१८मध्ये ‘कातारिना सावर’ हा प्रकार बीजेसीपीच्या पुस्तकात आला. इटलीतली द्राक्षरसाची एलही तशीच आली. आपल्याकडे कोकमाची आंबट बिअर बीरानं २०२१च्या सुमारास मर्यादित खेपेत काढून पाहिली. उद्या कोकणातल्या, पुण्यातल्या ब्रुअरनी ठरवलं, तर कोकम, ज्वारी, गूळ यांच्यावर एक प्रकार का उभा राहू नये? तो राहायचा असेल तर कुणीतरी पन्नास बॅच चाखून सांगायला हवं, की ही जमली, ही नाही, इथं कोकम पुढे आलं आणि बिअर मागे पडली. प्रकार असाच जन्मतो. तुला प्रदेशाचा रकाना हवाय ना? मी घालायला तयार आहे. दहा गुण.

शंकेखोर : आणि ते दहा गुण मिळवायला प्रत्येक टाकीत कोकम पडेल. पुढच्या हंगामात हापूस, त्याच्या पुढच्या हंगामात कढीपत्ता. ज्याला गुण आहेत ते दाखवण्यासाठी केलं जातं. मोदकाच्या चवीची, पुरणपोळीच्या चवीची बिअर करणं हे प्रदेशाचं चित्र चिकटवणं झालं. शिवाय, प्रदेशाबद्दल इतकं बोललो आणि पालघर-डहाणूच्या ताडीचं नाव आपण दोघांनीही काढलं नाही. कोकणातली माडी, रानातल्या शिंदीचा रस, यांत आयात केलेलं काही नाही. झाडावर मडकं बांधतात, रस आपोआप आंबतो. सकाळी गोड, दुपारी चुरचुरीत, संध्याकाळी आंबट आणि कडक. सूर्य चढेल तशी बदलणारी, दुसऱ्या गावी नेऊच नये अशी पेयं. हवेतल्या यीस्टवर आंबलेल्या लँबिकसाठी तू ब्रसेल्सची वाट धरशील. हवेतल्याच यीस्टवर आंबणाऱ्या ताडीवर एक ओळ तरी लिहिलीस का? लिहिली नाहीस, कारण ती पिणारी माणसं तुझ्या टेबलावर बसत नाहीत. या हिशेबात गुण देण्याआधीच कुणीतरी ठरवलेलं असतं, की गुण द्यायला लायक काय आहे.

रसिक : हे बोललास ते मला लागलं, आणि मी त्यातून सुटायचा प्रयत्न करणार नाही. ताडी स्कोअरशीटवर येत नाही यात चवीचं कारण एकही नाही. कायद्याचं आहे, जातीचं आहे, स्टीलच्या टाकीबद्दलच्या आदराचं आहे. पण एक गोष्ट तूही बघ. ताडी काढणाऱ्याला विचार. हे झाड गोड, त्या बांधावरचं पाणचट, त्या दोघांतलं धाकटं थंडीत चांगलं देतं, असं तो सांगतो. कोकणात भंडाऱ्यांच्या पिढ्यांनी माडांची अशीच पारख केली. मडकं नीट धुतलं नाही की रस लवकर बिघडतो हे त्याला माहीत असतं आणि शेजाऱ्यानं ते धुतलं नव्हतं हे एका घोटात तो ओळखतो. क्रम लावणं, दोष काढणं, उजवं-डावं ठरवणं हे अमेरिकेतून आलेलं नाही. ते पेयाइतकंच जुनं असणार. मी जे करते ते त्याहून वेगळं आहे असं मला वाटत नाही. मी फक्त लिहून ठेवते.

शंकेखोर : वेगळं आहे. तो उद्या पुन्हा त्याच झाडावर चढणार आहे. त्याचं ‘पाणचट’ हे मत पुढच्या आठवड्यात बदलू शकतं, पाऊस पडला की बदलतं, आणि झाडाशी त्याचा व्यवहार चालू राहतो. तू एका दुपारी एक ग्लास चाखतेस, ३१ लिहितेस आणि निघून जातेस. ब्रुअर पुढच्या महिन्यात यीस्ट बदलेल, उन्हाळा संपेल, बिअर वेगळी होईल. ३१ तसाच राहील. छोट्या ब्रुअरची बिअर खेपेखेपेला बदलते, तोच तिचा जिवंतपणा. बदलणाऱ्या गोष्टीवर न बदलणारा आकडा ठेवायचा, हे मला पटत नाही.

रसिक : पण रोज त्याच झाडावर चढणाऱ्याचा एक धोका असतो, तो तू सोडून दिलास. सवय. ब्रुअर स्वतःचीच बिअर रोज पितो आणि तिचा दोष त्याला लागेनासा होतो. लोण्याचा वास त्याच्या नाकाला घरचा वाटू लागतो. ओळखीचं गिऱ्हाईकही तसंच. अशा वेळी परका माणूस हवा, जो एकदाच येईल आणि कुणाची भीड न ठेवता सांगेल. काही माणसांच्या तर नाकाला डायसेटिल जाणवतच नाही. म्हणून एका टेबलावर एकापेक्षा जास्त परीक्षक बसवतात. आणि आकड्याचं म्हणशील, तर शब्द कितीही नेमके लिहिले तरी ‘चांगली, थोडी पातळ’ यातून ब्रुअरला हे कळत नाही, की पातळपणा मला कितपत खटकला. थोडा की बिअर टाकून द्यावी इतका? ते वजन आकड्यात येतं. दोन टाक्यांच्या माणसाला पुढच्या महिन्यात यांतली कुठली बॅच पुन्हा करायची हे ठरवायचं असतं.

शंकेखोर : मग एक खरी अडचण समोर ठेवतो. समज, सोलापूरकडचा एक ब्रुअर निम्मी ज्वारी घालून बिअर करतो. आजवर तशी कुणी केलेली तुझ्या टेबलावर आलेली नाही. गढूळ, अंगानं हलकी, आणि शेवटी किंचित आंबट. प्रकार नाही, पुस्तक नाही, तुलनेला दुसरा ग्लास नाही. किती देशील?

रसिक : पुस्तकात ‘प्रायोगिक’ म्हणून एक वर्ग आहे. त्यात ब्रुअरनं स्वतः लिहून द्यायचं, की मला काय करायचं होतं. मी त्याच्या शब्दांशी ताडून बघेन.

शंकेखोर : आणि त्यानं लिहिलं, ‘आमच्याकडच्या जेवणाबरोबर लागावी अशी करायची होती’, तर? ते तू वातानुकूलित खोलीत, पाण्याच्या घोटानं आणि ब्रेडच्या तुकड्यानं जीभ साफ करत, कसं ताडणार?

रसिक : नाही ताडता येणार. तिथं तुझ्यासारखा कुणी लागेल, जो तीच बिअर भाकरी आणि शेंगदाण्याच्या चटणीबरोबर महिनाभर पिईल. पण तो आंबटपणा ज्वारीचा आहे की टाकीला लागलेल्या जिवाणूंचा, हे तुला महिनाभर पिऊनही कळणार नाही, उलट तुला तो आवडायला लागेल. मला एका ग्लासात संशय येईल. खात्री मलाही होणार नाही. त्यासाठी दुसरी बॅच मागवावी लागेल, त्याच ज्वारीची, धुतलेल्या टाकीतली. ती आंबट नसली तर संसर्ग. असली तर कदाचित ज्वारी, कदाचित अजून न सापडलेली घाण.

शंकेखोर : आणि तोवर? ज्या आंबटपणाला तू संशयानं कापलंस, तोच उद्या त्या बिअरची ओळख निघाला तर? त्याच्यापाशी पैसे दोनच बॅचचे आहेत. तुझा २४ बघून त्यानं दुसरी केलीच नाही, तर सेलिसला आठवली तशी ती चव कुणाला आठवायलाही उरणार नाही.

रसिक : आणि मी काहीच लिहिलं नाही, तर तो संसर्गालाच ज्वारीची चव समजून विकत राहील, आणि लोक म्हणतील, ज्वारीची बिअर असलीच लागते. या दोन्हींत कमी नुकसान कशात आहे, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. स्पर्धेच्या तक्त्यावर तो रकाना कोरा ठेवायची सोय नसते.

शंकेखोर : मग पहिली खेप स्पर्धेत जावीच का?

रसिक : तिनं स्पर्धेत जाऊ नये असं म्हणायचं, तर ती माझ्यासमोर येणार कुठं?